डाव्या पायाचा गिअर

४ मार्च, मंगळवार

कॉफी दळायचं यंत्र! गंजून गंजून पार ढेकूळ झालेलं. कुठल्या कोठारात सापडलं देव जाणे. व्हिडिओत एका माणसानं ते उघडलं, एकेक स्क्रू तेलात बुडवला, घासला, तासला, रंगवला – आणि शेवटी त्यातच कॉफी दळून प्यायला! बघता बघता दुपार कुठं गेली कळलं नाही. पडल्यापासून असं पहिल्यांदा झालं.

चिमी काल तिची जुनी पाटी देऊन गेली. पाटी म्हणजे तो फळीएवढा फोन. "बाबा, बघून बघून भिंतीला भोकं पाडाल. त्यापेक्षा हे बघा." लेक माझीच, जीभही माझीच.

पाय तसाच. गुडघ्याचं हाड जुळलं म्हणतात, पण त्याच्या बाजूनं जाणारी नस दुखावली आहे. डावा पंजा खाली दाबता येतो, वर उचलता येत नाही. मी हुकूम सोडतो – ऊठ! साहेब ढिम्म.

७ मार्च, शुक्रवार

जावई सकाळी येऊन गाडी घेऊन गेला. "उभी राहून खराब होईल, बाबा. गॅरेजला नेतो. बघतो जरा." बघतो जरा! मी म्हटलं, तिला काही झालेलं नाही, झालंय ते मला. तो नुसता हसला. गडी कामाचा, पण तोंडात कायम मूग. पहिल्यांदा भेटला तेव्हा विचारलं होतं, काय करता? म्हणाला, "गाड्या खोलतो." म्हटलं, आणि परत जोडता की नाही? "जोडतो." संपलं संभाषण!

पलंगावरून आवाज ऐकत राहिलो. पहिला गिअर, दुसरा, कोपऱ्यावर तिसरा. तिसरा त्यानं उशिरा टाकला. परक्या पायाला तिची सवय नाही.

सगळी नोकरी त्या मोटारसायकलवर झाली. घरोघरचे विजेचे मीटर वाचायचे. पावसात वाचले, कुत्री मागं लावून घेतली, एका बाईनं तर वरून बादली ओतली होती – पण गाडीवरून म्हणून कधी पडलो नाही. आणि निवृत्तीनंतर पडलो कुठं? तर बैठकीच्या खोलीत, स्टुलावरून, पडदे लावताना! ही सांगत होती, राहू द्या, कुणाला तरी बोलावते. पण नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आता गोष्ट अशी आहे. गिअर डाव्या पायाला. पहिला खाली दाबून पडतो, पुढचे सगळे पंज्यानं वर उचलायचे. पंजा उठला तर गाडी, नाही उठला तर खिडकी. लोकांना वाटतं म्हातारा चालायचं टेन्शन घेतो. चालायचं काय, काठी आहे. मला गाडी पाहिजे!

११ मार्च, मंगळवार

नाद लागलाय, लपवून काय उपयोग. जेवण गार होतं, ही ओरडते, आणि मी कुण्या परक्याचं कार्बोरेटर धुऊन होण्याची वाट बघत असतो.

ह्यात प्रकार असतात. काहीजण जुनी वस्तू होती तशी करतात. काहीजण मोटारसायकलचं सगळं सोलून सांगाडा उरवतात आणि त्यावर आपल्या डोक्यातली गाडी बांधतात – टाकी हातानं ठोकलेली, सीट एका माणसापुरती, सायलेन्सर वळणावळणाचा. ती गाडी जगात एकच. बनवणारा इंजिन चालू करून मागं सरतो आणि ऐकत उभा राहतो. तो क्षण मला फार आवडतो. छाती भरून येते, खोटं कशाला सांगू.

सगळ्यात आवडता – हातमोजेवाला. नाव मीच ठेवलंय. काळे हातमोजे, कोपरापर्यंतचे हात, बाकी काही दिसत नाही. बोलत नाही. गाणी लावत नाही. नुसता कानशीचा आवाज, आणि मधेच कपडा फिरवल्याचा. घाई म्हणून नाही. नट फिरत नसेल तर तापवतो, थांबतो, परत हात लावतो, पण झटापट करत नाही.

चिमी शेजारी चहा पीत होती. मी म्हटलं, "हे बघ. ह्याला म्हणतात कारागीर. असा जावई पाहिजे होता मला." तिला एवढा जोराचा ठसका लागला की चहा माझ्या चादरीवर! हसण्यासारखं काय होतं त्यात?

१२ मार्च, बुधवार

व्यायामवाली म्हणते, काका, मन लावून हुकूम द्या. दिला. ढिम्म.

१६ मार्च, रविवार

खोटे कुठले आणि खरे कुठले ते मला आता ओळखता येतं. ह्या धंद्यातही भामटे आहेत! चांगली वस्तू घेतात, मीठपाणी मारतात, लाल माती फासतात, आणि मग "बघा हो, कशी गंजली होती" म्हणून तीच पुसून दाखवतात. खरा गंज जिथं पाणी साचतं तिथून खात सुटतो, सांध्यात, कडेला, बुडाला. ह्यांचा सगळीकडं सारखा, तोंडाला पावडर लावल्यासारखा. आज एक पकडला. हिला हाक मारून दाखवला. ही म्हणाली, "आधी गोळी घ्या."

हातमोजेवाला असलं करत नाही. त्याचं काम बघून कळतं.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टरांकडे. चाकाच्या खुर्चीतून मिरवणूक. त्यांनी सुया टोचल्या, करंट लावला, पडद्यावर रेघा बघितल्या. मी विचारलं, गाडी कधी? ते म्हणाले, "नस आहे हो. नसेला घाई करून चालत नाही. बघू." माझ्याकडं न बघता म्हणाले. मग मला बाहेर आणून ठेवलं आणि ही आणि चिमी दोघी आत थांबल्या. "तुम्ही व्हा पुढं, आम्ही कागद घेऊन येतो."

कागदाला इतका वेळ? समोरचा पेशंट येऊन, बसून, आत जाऊन आला.

चिमीचे डोळे लाल. "काही नाही बाबा, धूळ गेली." दवाखान्यात धूळ! हिला विचारलं तर ही म्हणाली, "बरं होईल म्हणालेत. वेळ लागेल." घरी येईपर्यंत हिनं रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाबद्दल काहीतरी सांगितलं. एरवी ही गाडीत बसली की झोपते.

२१ मार्च, शुक्रवार

अंगठा हलला! शपथेवर सांगतो, हलला. व्यायामवाली नेमकी पिशवी आवरत होती. "परत करा काका." परत झालं नाही. पण हलला होता.

२७ मार्च, गुरुवार

अक्षर बघा कसं आलंय.

पाटीवरून हातमोजेवाला गायब. काल चिमी पाटी "साफ करते" म्हणून घेऊन बसली होती. तिला फोन लावला. "बंद केलं असेल बाबा त्यानं. तो सुतार बघा ना, छान आहे." सुतार गेला खड्ड्यात! ही आंघोळीला गेल्यावर हिचा फोन घेतला आणि शोधला. बंद कुठला, नवा व्हिडिओ आलेला. 'पुलाखालच्या चिखलात गाडलेली मोटारसायकल – भाग पहिला.'

खूश होऊन लावला. चिखल. चिखलातून वर आलेलं एक हँडल. फावड्यानं सावकाश मोकळं केलं, दोर बांधला, ओढली. टाकीवरून पाणी गळतंय, सगळं अंग लालभडक गंजलेलं. मी मोठ्यानं म्हटलं, कुठल्या नालायकानं टाकली असेल गं बाई तुला!

कॅमेरा जवळ गेला तसा मी उठून बसलो. गंज खोटा! सगळीकडं सारखा. टायरात हवा टम्म. आणि चेनला – चिखलात गाडलेल्या गाडीच्या चेनला – ताजं वंगण! म्हणजे हातमोजेवालाही त्यातलाच. इतकं वाईट वाटलं, जवळच्या माणसानं फसवल्यासारखं.

आणि मग त्यानं हँडल पुसलं.

हँडलला टॉर्चची पकड आहे. सायकलच्या पंपाची पकड कापून मी ती लावून घेतली होती, तळघरातले मीटर वाचताना टॉर्च लागायचा म्हणून. लावणाऱ्यानं तिरकी लावली, ती तिरकीच राहिली.

माझी गाडी. चिखलात माझी गाडी!

गाडी नेली कोणी? जावयानं. मग हे हातमोजे कुणाचे? काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतके दिवस ज्याचे गोडवे गायलो तो माझाच जावई. म्हणून चिमीला ठसका लागला होता. म्हणून पाटी "साफ" केली.

ही आंघोळ करून आली. "काय झालं? असे का बसलात?" म्हटलं, काही नाही.

२८ मार्च, शुक्रवार

जावयाला फोन केला.

"माझी गाडी कुठंय?"

"गॅरेजमध्ये, बाबा."

"काय करतेय?"

"उभी आहे."

"कोरडी आहे का?"

मग म्हणाला, "बघितलंत का तुम्ही?"

फोन आपटला. आपटून माझाच फोन फुटला. वड्याचं तेल वांग्यावर.

३० मार्च, रविवार

दोन घास गेले नाहीत. चिखलाचं दुःख नाही. चिखल धुतला की जातो. मी पलंगावर पडून एकाच गोष्टीचा परत परत विचार करतोय – उद्या मी उठून गाडी मागणार आहे असं ज्याला वाटतं, तो ती गाडी चिखलात घालेल का? हिंमत होईल त्याची? माणूस गेला की त्याचे कपडे वाटून टाकतात, तसं झालं हे. फक्त माणूस अजून इथंच आहे आणि त्याला ऐकू येतं!

हिला समोर बसवलं. "खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"सांगितलं ना. वेळ लागेल."

"आणि वेळ गेल्यावर?"

"बरं होईल."

बोलताना टॉवेलची घडी घालत होती. घातली, मोडली, परत घातली. मी ओरडलो, त्या टॉवेलचा जीव सोड! ती आत गेली. रडली असणार. मला पण रडायला आलं, पण मी आधी ओरडून बसलो होतो, आता रडणार कसा?

१ एप्रिल, मंगळवार

व्यायामवालीवर खेकसलो. तिचा काय दोष. ती म्हणाली, "चालेल काका, रागावर पण पंजा उचलून बघा." रागावरही उठत नाही.

५ एप्रिल, शनिवार

चिमी आली. मी तोंड फिरवून पडलो. तिनं खुर्ची ओढली, माझा डावा पाय मांडीवर घेतला आणि नखं कापायला लागली. विचारलंही नाही.

"शिव्या द्यायच्यात ना? साठवून ठेवा. तिसरा भाग येऊ दे, मग एकदम द्या."

"चिखलात घालायची काय गरज होती? सरळ घासूनपुसून दाखवता येत नव्हती?"

"चांगली गाडी आणखी चांगली केली, हे कोण बघतं बाबा? चिखलातून वर काढली की लोक बघतात. तुम्ही नाही का बघितलंत?"

बघितलं होतं खरं.

"पण माझी का? भंगारात गाड्या कमी होत्या?"

ती नखंच कापत राहिली. मग म्हणाली, "तुमचीच करायची होती त्याला." आणखी काही बोलेल असं वाटलं, पण नाही. नवऱ्याचं पाणी लागलंय तिला. तिनं विचारलं, "लागत नाही ना?" मी म्हटलं, "नाही, बरोबर कापतेस." करंगळीजवळ रक्ताचा ठिपका आला होता. मला कापलेलं कळलं नव्हतं. तिनं ते पुसलं आणि मी न बघितल्यासारखं केलं.

९ एप्रिल, बुधवार

भाग दुसरा. बघणार नव्हतो. शपथ घेतली होती. जेवण झाल्याझाल्या लावला.

त्यानं पाण्याचा फवारा धरला. गंज – गंज कसला, लाल माती आणि काहीतरी चिकट – भसाभसा वाहून गेला. आणि खालून माझा हिरवा रंग! होता तसा. टाकीवर एक ओरखडा नवीन नाही. इंजिनाच्या तोंडात, तारांच्या टोकाला, जिथं जिथं पाणी शिरेल तिथं त्यानं आधीच रबराची बुचं बसवली होती आणि आता एकेक काढत होता. लहान मुलाला अंघोळ घालताना कानात बोटं घालतात तशी काळजी! हरामखोर! मी एकटाच हसायला लागलो. ही धावत आली, वाटलं काय झालं ह्यांना. तिलाही दाखवलं. "अगंबाई, आपली गाडी?" म्हणाली आणि शेजारी बसली. अख्खा भाग बघितला. सगळं सामान विचारत होती – हे काय, ते काय. मी सांगत होतो.

मग त्यानं गाडी खोलली. सोळा-सतरा व्हिडिओंत बघितलेलं असतं तेच, पण आपली गाडी म्हटल्यावर मी एकेक स्क्रू मोजत बसलो. सांगाडा टेबलावर, इंजिन वेगळं. इंजिनाच्या आत मी कधी डोकावलो नव्हतो, तिथं वर्षानुवर्षांचा चिकटा. त्यानं ब्रशनं काढला. गिअरचे दात एकेक पुसून कपड्यावर मांडले. दातांची झीज अगदी थोडी. बघ म्हणावं, कुणी चालवलीय! जन्मात गिअरची खर्रखर्र होऊ दिली नाही मी.

राग गेला. कसा गेला कळलं नाही. एवढ्या मायेनं कोणी मोडीत काढायची वस्तू पुसत नाही. म्हणजे मी उगाच काय काय मनाशी धरलं. गाडी नवी करून ठेवतायत, मी उठेपर्यंत. बास.

१४ एप्रिल, सोमवार

जावई आला. दारातच उभा. मी म्हटलं, "या हातमोजेवाले." कानापर्यंत लाल झाला! चिमी हसून लोळायची बाकी.

त्याला समोर बसवून दुसऱ्या भागातल्या चुका काढल्या. मागच्या चाकाचं बेअरिंग ठोकताना लाकूड मधे घ्यायला हवं होतं. त्यानं कबूल केलं. बरं वाटलं. इतका वेळ आम्ही आजवर कधी बोललो नव्हतो. म्हणजे मी बोललो.

जाताना विचारलं, "जूनपर्यंत बसेन का रे मी तिच्यावर? खरं सांग."

तो पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघून बोलला. "त्याच्या आधी बसाल, बाबा."

हा गडी खोटं बोलत नाही. बोलतच नाही मुळी, खोटं कुठून बोलणार!

१५ एप्रिल, मंगळवार

पलंगाच्या कठड्याला काठी आडवी बांधून घेतली, गिअरच्या दांडीच्या उंचीवर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दाब, उचल. दाब, उचल. दाबतोय मी, उचलतंय फक्त मन. पण जावई म्हणालाय.

व्यायामवालीला काठी दाखवली. तिनं नुसतं "अरे वा" म्हटलं आणि करंटच्या मशिनची वायर सोडवत बसली.

१९ एप्रिल, शनिवार

हिला सांगून ठेवलंय – पहिली फेरी तुझ्याबरोबर. तळ्यापर्यंत. ही म्हणाली, "मागं बसायला मला जमेल का आता?" म्हटलं, तुला काय करायचंय, बसायचंच तर आहे! हसली. मग पदर डोळ्याला लावला. आनंदानं असेल.

अंगठा परत हललेला नाही. हलेल.

२२ एप्रिल, मंगळवार

तिसरा भाग आला. गाडी पूर्ण झाली. हिरवा रंग तोच, आरशासारखा.

डाव्या पायाची गिअरची दांडी काढून टाकली आहे. टाकीच्या डाव्या अंगाला एक लांब दांडी वर आणलीय, पितळी मुठीची. गिअर तिच्यावर, क्लचही तिच्यावरच. सगळं हातानं. खाली जिथं पाय असतो तिथं पत्र्याचं एक रुंद पाऊल, टाच अडकेल असा काठ, आणि वरून चामड्याचा पट्टा. पाय त्यात ठेवायचा आणि पट्टा आवळायचा, म्हणजे जिथं ठेवला तिथंच राहील.

खाली लोक लिहितायत – काय ऐट! काय डोकं लावलंय! पायाऐवजी हातानं, जबरदस्त स्टाइल!

सगळ्यांना वाटतंय स्टाइल आहे. मी इतके व्हिडिओ बघितलेत, मला कळतं कुठली गोष्ट दिसायला केलीय आणि कुठली लागणार म्हणून. बऱ्या होणाऱ्या पायाला कोणी पट्टा शिवत नाही.

शेवटी त्यानं इंजिन चालू केलं, मागं सरला आणि ऐकत उभा राहिला. मी पण ऐकलं.

हिनं आतून विचारलं, "कशी झालीय हो गाडी?" बाहेर मात्र आली नाही. तिला माहीत होतं.

म्हटलं, "झकास!"